मुंबई बंदराच्या तोंडावरची खांदेरी: वीस किलोमीटरवरून पहारा कसा ठेवतात?

मुंबई बंदराचा नकाशा समोर घ्या. पश्चिमेला शहराची चिंचोळी पट्टी, पूर्वेला उरण आणि न्हावा-शेवा, वर ठाण्याच्या आणि पनवेलच्या खाड्या, आणि खाली दक्षिण-नैऋत्येला उघडं तोंड. आत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजाला याच तोंडातून यावं लागतं. आता नकाशावर हाताचं बोट मांडव्यावरून खाली न्या. किहीम, थळ, आणि थळच्या समोर समुद्रात दोन ठिपके. किनाऱ्याजवळचा लहान ठिपका उंदेरी. त्याहून बाहेर, थळपासून साधारण पाच किलोमीटरवरचा मोठा ठिपका खांदेरी.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात खांदेरी आहे. तेव्हापासून या किल्ल्याबद्दल खूप लिहिलं गेलं आणि एक वाक्य सगळीकडे फिरलं: ‘मुंबईच्या इंग्रजांवर वचक ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधली.’ वाक्य बरोबरच आहे. पण वचक ठेवला म्हणजे नेमकं काय केलं, हे कोणी सांगत नाही. मला वाटतं, खांदेरीची खरी हुशारी तिथेच आहे, म्हणून हा लेख.

आधी अंतर बघू. कुलाब्याच्या टोकापासून खांदेरी साधारण एकोणीस-वीस किलोमीटरवर आहे. (इथे कुलाबा म्हणजे मुंबईचा. अलिबागचा कुलाबा किल्ला वेगळा, तो पुढे येईल.) सतराव्या शतकातल्या चांगल्या तोफेचा गोळा फार तर दोन-अडीच किलोमीटर जाई. नेम धरून हलत्या जहाजावर मारायचं तर काही शे मीटरच्या पुढे फारशी आशा नसे. म्हणजे खांदेरीवर कितीही तोफा चढवल्या तरी त्यातली एकही मुंबईपर्यंत पोचणार नव्हती. बंदराचं तोंड बंद करणंही त्यांना शक्य नव्हतं. जहाजाला बेटापासून लांबून जाण्याइतका समुद्र मोकळा होता.

मग किल्ला करायचा काय?

समुद्रावरच्या किल्ल्याकडे आपण डोंगरी किल्ल्याच्या नजरेने बघतो, म्हणून हा प्रश्न पडतो. डोंगरी किल्ला खिंड अडवतो. समुद्रात खिंड नसते. तिथे किल्ल्याच्या तोफांचं मुख्य काम किल्ला स्वतः टिकवण्याचं. बाकी काम किल्ल्याच्या आसऱ्याने राहणारी गलबतं करतात आणि बुरुजावरचे डोळे करतात. चाळीच्या जिन्याखाली दिवसभर बसून असणारा एखादा म्हातारा आठवा. तो कोणाला अडवू शकत नाही, पण कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात काय होतं, हे त्याला ठाऊक असतं आणि हाक मारली की वरून चार तरणी पोरं धावत येतात. खांदेरीचा पहारा या जातीचा होता.

बेटाच्या उंचवट्यावरून उत्तरेला बंदराचं तोंड, पूर्वेला थळ-अलिबागचा किनारा आणि पश्चिमेला उघडा समुद्र दिसतो. गोव्याकडून, मलबाराकडून येणारी शिडाची जहाजं किनाऱ्याच्या आश्रयाने येत, कारण किनाऱ्याजवळ रोज दोन वारे हमखास मिळतात: दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री-पहाटे जमिनीकडून सुटणारे मतलई वारे. किनाऱ्याने यायचं म्हणजे खांदेरीच्या नजरेखालून यायचं. इशारा मिळाला की नागावच्या खाडीतली गलबतं बाहेर काढायला अवधी मिळे. शिवाय भर समुद्रात वारा फिरला, पाणी संपलं, तर थांबायला आपल्या मालकीची जागा. ही सोय मुंबईच्या इतक्या जवळ मराठ्यांना तोवर नव्हती.

माझगावात पावसाळा काढणारं आरमार

पण ही सोय एवढी तातडीची का वाटली, हे कळायला इंग्रजांपेक्षा सिद्दीकडे बघावं लागतं.

जंजिऱ्याचा सिद्दी औरंगजेबाच्या चाकरीत होता. त्याच्या आरमाराचा खर्च सुरतेच्या मोगली उत्पन्नातून चाले. जंजिरा घेण्याचे मराठ्यांचे प्रयत्न फसले होते, आणि सिद्दीची जहाजं दरवर्षी कोकणपट्टीत उतरून गावं जाळत, माणसं धरून नेत. कोकणी किनाऱ्यावरच्या प्रजेसाठी हा दरसालचा जाच होता.

जून ते सप्टेंबर मात्र या किनाऱ्यावर कोणालाच समुद्रात राहता येत नाही. नैऋत्येचा वारा सरळ किनाऱ्यावर आदळतो. लहान होड्या ओढून शाकारून ठेवता येतात, मोठ्या जहाजांना मात्र सुरक्षित बंदर लागतं. सिद्दीला ते मुंबईत मिळे, माझगावात. मुंबई १६६८ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे होती, वर्षाला दहा पौंड भाड्याने. कंपनीचं मुख्य ठाणं सुरतेला, म्हणजे मोगलांच्या राज्यात. सिद्दीला नाही म्हटलं तर सुरतेत गळा आवळला जाणार. हो म्हटलं तर शिवाजी महाराजांशी बिनसणार. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता आणि तेव्हाच महाराजांशी तहही झाला होता. तरी सिद्दीचं आरमार पावसाळ्यात माझगावला येत राहिलं. १६७८ मध्ये दौलतखान आणि दर्यासारंग या मराठी आरमाराच्या सरदारांना पनवेलला धाडलं गेलं, बंदर ओलांडून ते आरमार तिथल्या तिथे जाळायचं म्हणून. तो बेत साधला नाही.

आत शिरून जाळता येत नसेल तर बाहेर तोंडावर बसायचं, हा पुढचा विचार होता. बेट नजरेत फार आधीपासून होतं. १६७२ मध्येही तिथे किल्ला उभारण्याचा एक प्रयत्न झाला होता आणि तो सोडून द्यावा लागला होता.

१६७९ ची शरद

ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी दीडशे माणसं घेऊन खांदेरीवर उतरले आणि दगडांचा बांध घालायला सुरुवात झाली. (या तारखा इंग्रजांच्या कागदांतल्या आहेत. त्यांची दिनदर्शिका तेव्हा आजच्यापेक्षा दहा दिवस मागे चाले.) वेळ कशी साधली बघा. पाऊस सरत आलेला, पण समुद्र अजून पुरता निवळलेला नाही. थळहून बेटापर्यंत लहान होडी कशीबशी जाऊ शकते. मुंबईहून मोठी जहाजं येऊन धड उभी राहू शकत नाहीत. इंग्रज जागे होऊन हालचाल करेपर्यंत पायथा उभा राहिलेला असावा, हा त्यातला हिशेब उघड आहे.

इंग्रजांचं म्हणणं, हे बेट मुंबईच्या मुलखात मोडतं. बेटावरून उत्तर गेलं की धन्याच्या हुकुमाशिवाय आम्ही हलणार नाही. मग मुंबईहून भाड्याची शिबाडं (मालवाहू शिडाची जहाजं) आणि काही सैनिक पाठवून वेढा घातला गेला. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला आणि तो उतरता उतरताच मारला गेला. खांदेरीच्या भोवती सगळीकडे खडक आहेत. धड उतरता येईल अशी जागा दोन टेकड्यांच्या मधे, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी मारा बसतो. एवढी जागा राखली की बेट राखलं. दीडशे माणसांना ते जमलं.

या वेढ्यात इंग्रजांचा खरा शत्रू त्यांच्या स्वतःच्या जहाजांची बांधणी होती. त्यांची मोठी फ्रिगेट भरपूर तोफा वाहते, पण तिला खोल पाणी लागतं आणि शिडात वारा लागतो. मराठी गलबत हलकं, उथळ पाण्यात चालणारं, वल्ह्यांनी पळणारं. थळ-नागावच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंतचा पट्टा उथळ आणि खडकाळ. रात्री वारा पडला की फ्रिगेट जागच्या जागी डुलत राहते आणि तिच्या बाजूने धान्य, दारूगोळा, चुना, पाथरवट घेऊन होड्या बेटावर पोचतात. मुंबईकरांनी सुरतेला लिहिलेल्या पत्रांत हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते: या लहान होड्या आम्हाला सापडत नाहीत.

१८ ऑक्टोबरला दिवस उजाडता उजाडता दौलतखान नागावहून सुमारे पन्नास गलबतं घेऊन निघाला. ही वेळ मला फार महत्त्वाची वाटते. पहाटे मतलई वारा मंदावतो आणि खारा वारा सुटायला अजून अवकाश असतो. मधल्या त्या पडीच्या वेळात शिडाचं जहाज लुळं असतं आणि वल्ह्याचं गलबत राजा. गलबतं नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, तोफा झाडत इतक्या वेगाने आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ नावाच्या इंग्रजी गुराबेने (शिडाच्या लढाऊ जहाजाने) निशाण उतरवलं. तिच्यावरचे कैदी पुढे सागरगडावर ठेवले गेले. बाकीची इंग्रज शिबाडं पळाली. उरली एकटी ‘रिव्हेंज’ फ्रिगेट, तिच्यावर कॅप्टन मिंचिन आणि कॅप्टन केग्विन.

आणि इथे इंग्रजांना त्यांचं श्रेय दिलं पाहिजे. रिव्हेंजने एकटीने झुंज दिली, जवळ आलेल्या गलबतांवर जड तोफांचा मारा केला, पाच गलबतं बुडवली असं त्यांच्या बाजूच्या वृत्तांतांत आहे, आणि मराठी आरमाराला नागोठण्याच्या खाडीपर्यंत माघार घ्यावी लागली. आपल्याकडे ही लढाई सांगताना डव्ह पकडल्याशी गोष्ट थांबते. पण पुढचं सांगितल्याशिवाय खांदेरी कळत नाही. कारण त्या दिवशी खुल्या समुद्रात सरशी फ्रिगेटची झाली, आणि तरी बेट मराठ्यांकडेच राहिलं. माघार घेतलेली गलबतं पुन्हा आली, रसद पुन्हा सुरू झाली, भिंत रोज थोडी उंच होत गेली. फ्रिगेट लढाई मारू शकत होती. वेढा राखू शकत नव्हती.

भात आणि जळाऊ लाकूड

इंग्रज मागे का सरले याची दोन कारणं आहेत आणि दोन्हींचा तोफांशी संबंध नाही.

पहिलं, पैसा. सुरतेच्या वरिष्ठांना हे प्रकरण मुळातच नको होतं. भाड्याची शिबाडं, खलाशांचे पगार, थांबलेला व्यापार, हे सगळं एका ओसाड बेटासाठी कशाला, सिद्दीला पुढे करा, असा त्यांचा सूर होता. कंपनी लष्करावरचा खर्च किती काटत होती हे पुढे चारच वर्षांत दिसलं: खांदेरीला लढलेल्या याच केग्विनने डिसेंबर १६८३ मध्ये मुंबईत कंपनीविरुद्ध बंड केलं आणि जवळजवळ वर्षभर शहर आपल्या ताब्यात ठेवलं.

दुसरं कारण मुंबईकरांना आजही ओळखीचं वाटेल. मुंबई स्वतःला पोसू शकत नव्हती. भात, जळाऊ लाकूड, भाजी, सगळं समोरच्या मुलखातून येई. पेण, पनवेल, नागोठणे, कल्याण. म्हणजे महाराजांच्या राज्यातून. त्यांच्याशी दीर्घ वैर धरायचं तर चुली कशावर पेटवायच्या? बेटाच्या भोवती इंग्रजांचा वेढा होता खरा, पण त्याच वेळी त्यांचं स्वतःचं शहरही समोरच्या किनाऱ्याच्या मुठीत होतं.

नोव्हेंबरात सिद्दी कासम आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. मदत नावाची, त्याला खांदेरी स्वतःसाठी हवी होती आणि इंग्रजांना ते कळत होतं. शेवटी मार्च १६८० मध्ये इंग्रजांनी महाराजांशी तह केला, आपली जहाजं काढून घेतली आणि सिद्दीच्या आरमाराला मुंबईत पावसाळ्याचा आसरा न देण्याचं कबूल केलं. ज्या दुखण्यासाठी हा खटाटोप होता त्यावर निदान कागदावर उपाय निघाला. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचं निधन झालं. थोरल्या महाराजांच्या हयातीत तडीस गेलेलं हे शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक, याचा मला फार अभिमान वाटतो.

तो आसरा किती महागात पडू शकतो हे इंग्रजांनाही पुढे कळलं. १६८९ मध्ये सिद्दी याकूत मुंबईवरच उतरला, माझगाव, माहीम घेतलं आणि इंग्रजांना कोटात कोंडलं. औरंगजेबाची माफी मागून आणि दीड लाख रुपये दंड भरून १६९० मध्ये ते सुटले.

मधे येऊन बसलेली उंदेरी

सिद्दी रिकाम्या हाताने परतला नाही. जानेवारी १६८० मध्ये त्याने उंदेरी घेतली आणि तिथे तटबंदी सुरू केली. चाल नेमकी होती. खांदेरीचा श्वास थळहून येणाऱ्या होड्यांवर चालत होता आणि उंदेरी बरोबर त्या वाटेवर. आता प्रत्येक फेरीला उंदेरीचा डोळा चुकवावा लागे. दौलतखानाने उंदेरीवर चालून जाऊन बघितलं, तो स्वतः जखमी झाला, बेट मिळालं नाही. त्याच साली अलिबागच्या समोर कुलाबा किल्ल्याचं काम सुरू झालं, त्यामुळे या टापूतल्या आरमाराला किनाऱ्यालगतचं बळकट ठाणं मिळालं. पण उंदेरी पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं सिद्दीकडे राहिली. १७६० च्या सुमारास ती मराठ्यांना मिळाली. समोरासमोरची दोन बेटं, दोन निशाणं, आणि मधे थळच्या कोळ्यांचं मासेमारीचं पाणी. त्या ऐंशी वर्षांत तिथे मासेमारी करणं काय असेल याचा विचार कोणी फारसा केलेला नाही.

आंग्र्यांच्या काळातला पहारा

खांदेरीचा पुरेपूर उपयोग केला तो कान्होजी आंग्रे यांनी. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांमार्फत शाहू महाराजांशी त्यांचा समेट झाला, तेव्हा त्यांच्याकडे राहिलेल्या किल्ल्यांत खांदेरी होती. कान्होजींचं म्हणणं सरळ होतं: या किनाऱ्यावरून व्यापार करायचा तर सरखेलाचं, म्हणजे मराठी आरमाराच्या प्रमुखाचं, दस्तक (परवाना) घ्या. पोर्तुगीजांनी शंभर-दीडशे वर्षं हेच केलं होतं, इंग्रजही आपले परवाने देत. पण एका देशी सरदाराने तोच हक्क सांगितला की त्याला चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणायचं, ही त्यांची रीत. दस्तक तपासायचं तर कोण येतंय ते आधी दिसलं पाहिजे, दिसल्यावर गाठता आलं पाहिजे, पकडलेलं जहाज ठेवायला जागा पाहिजे. तिन्ही कामांना खांदेरी आणि कुलाबा ही जोडी पुरे पडे.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याला हे सहन होईना. १७१८ च्या नोव्हेंबरात त्याने मोठं आरमार घेऊन खांदेरीवर हल्ला केला. एकोणचाळीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा घडली: बाहेरून भरपूर गोळीबार, उतरायला जाताच मार, आणि आंग्र्यांच्या गलबतांनी आत पोचवलेली रसद. थोड्या दिवसांत इंग्रज परत फिरले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना जोडीला घेऊन त्यांनी अलिबागचा कुलाबा किल्ला घ्यायचा प्रयत्न केला, तोही फसला. १७२९ मध्ये कान्होजी वारले तोवर मुंबईकर इंग्रजांना या बेटाचं काहीही करता आलेलं नव्हतं.

पुढचा इतिहास उतरणीचा आहे. आंग्रे भावांमधली फूट, १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रजांनी मिळून विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळणं, आणि एकोणिसाव्या शतकात बेट इंग्रजांकडे जाणं. विजयदुर्गच्या त्या आगीबद्दल माझ्या मनात आजही राग आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

इंग्रजांनी बेट हाती आल्यावर काय केलं, हे मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. १८६७ मध्ये त्यांनी तिथे दीपगृह उभारायला घेतलं. दक्षिणेकडून मुंबईत येणाऱ्या प्रत्येक जहाजाला जिथून बघता येतं, ती जागा प्रत्येक जहाजाला दिसतेही. पहाऱ्याला सोयीची म्हणून निवडलेली जागा दिव्यालाही तितकीच सोयीची ठरली.

आज या बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. मुंबईत एशियाटिक लायब्ररीच्या मागच्या बाजूला, जुन्या बॉम्बे कॅसलच्या आवारात, नौदलाचा जो तळ आहे त्याचं नाव आयएनएस आंग्रे. बूनने खांदेरीवरच्या स्वाऱ्या आखल्या त्या याच कोटाच्या शहरातून. नौदलाच्या दोन पाणबुड्यांना खांदेरी हे नाव मिळालं; सध्याची २०१९ मध्ये ताफ्यात आली आणि ती बांधली माझगाव डॉकमध्ये, सिद्दी जिथे पावसाळा काढायचा त्या माझगावात.

किल्ला बघायला जायचं असेल तर मांडव्याला उतरून थळ गाठा. होड्या थळच्या किनाऱ्यावरून जातात, पावसाळा सोडून. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळी बांधवांचं ते श्रद्धास्थान, तेव्हा तिथे तसंच वागावं. धातूसारखा आवाज देणारा एक मोठा खडक आहे, सगळे तिकडे आधी पळतात. माझी विनंती आहे की आधी धक्क्यावर उभं राहून दोन्ही टेकड्यांकडे बघा आणि खालून वर चढणाऱ्या माणसावर किती बाजूंनी मारा बसेल ते मोजा. मग तटावरून फिरा. चाकांच्या गाड्यावरची तोफ दिसेल, तिचं तोंड कुठे आहे ते बघा. दीपगृहापाशी पोचलात की पूर्वेला उंदेरी आणि थळ एका नजरेत घ्या. रसदीची वाट आणि तिच्यावर बसलेला सिद्दी हे सगळं तिथे उभं राहिल्यावर एका क्षणात कळतं, नकाशावर तासभर बसूनही तितकं कळत नाही. उंदेरीवर धक्का नाही, खडकांवरच उतरावं लागतं. त्यामुळे तिकडे जायचं की नाही ते त्या दिवशीची भरती बघून थळचे नाखवा सांगतील, आणि ते नको म्हणाले तर हट्ट धरू नये.